कच्चा पावटा, करपलेला बटाटा आणि कमलाबाई

थंडी पडली आणि बाजारात पावट्याच्या शेंगा आल्या की लांज्यात घरोघरी एक सूचना ऐकू येते. कच्चे खाऊ नका, पोटात दुखेल. सोलता सोलता दाणा तोंडात टाकायला निघालेल्या पोराकडे आजी डोळे वटारून बघते आणि विषय तिथेच मिटतो. कडव्या वालांचा तर थाटच वेगळा. रात्री भिजत घालायचे, सकाळी ते पाणी फेकायचं, फडक्यात बांधून मोड आणायचे, कोमट पाण्यात टाकून सोलायचे आणि मग फोडणीला घालायचे. एवढं सगळं कशासाठी, असं विचारलं तर उत्तर एकच. असंच करतात.

असंच का करतात, हे प्रयोगशाळेत नेऊन तपासणाऱ्या माणसांमध्ये एक मराठी बाई होती. कमला सोहोनी. नाव ओळखीचं वाटत असेल. १८ जून २०२३ ला गूगलने त्यांच्या ११२ व्या वाढदिवसाचं डूडल केलं होतं, तेव्हा स्टेटसवर, रीलवर त्या दिवसभर फिरत होत्या. गोष्ट अशी सांगितली जायची की सर सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला, कमलाने हट्ट सोडला नाही, रामन नमले, टाळ्या. रील संपलं.

मला या रीलचा थोडा राग आहे. गोष्ट खरी आहे, पण ती दारातच संपते. आत गेल्यावर त्या बाईंनी पुढची चाळीस-पन्नास वर्षं काय केलं, हे कुणी सांगतच नाही. आणि त्यांनी जे केलं ते तुमच्या-माझ्या डब्याशी, कॅन्टीनच्या प्लेटशी, एसटी स्टँडसमोरच्या कढईशी थेट जोडलेलं आहे.

तर आधी दारापर्यंतची गोष्ट पटकन उरकू.

कमला भागवत यांचा जन्म १९११ चा, इंदूरचा. वडील नारायणराव आणि काका माधवराव, दोघंही रसायनशास्त्रज्ञ, दोघंही बंगळुरूच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये म्हणजे आजच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये अगदी सुरुवातीच्या काळात शिकलेले. थोरली बहीण म्हणजे दुर्गा भागवत. मराठी घेतलेल्यांना वेगळं सांगायला नको. एका घरात एक बहीण लोकसाहित्यात आणि दुसरी टेस्टट्यूबमध्ये, जेवणाच्या पंगतीला काय गप्पा होत असतील याची कल्पनाच केलेली बरी. १९३३ साली कमलाने मुंबई विद्यापीठाची बीएस्सी केली. मुख्य विषय रसायनशास्त्र, जोडीला भौतिकशास्त्र. विद्यापीठात पहिली. वय बावीस. मी आत्ता बावीसचाच आहे, त्यामुळे हा आकडा मला जरा टोचतो.

घरचा रस्ता ठरलेलाच होता, बंगळुरू. अर्ज केला आणि नकार आला. संस्थेचे संचालक होते रामन, नोबेल मिळून तीनच वर्षं झालेली. गुण कमी नव्हते, कारण फक्त मुलगी असण्याचं होतं. कमला थेट बंगळुरूला गेली आणि नकाराचं कारण समोर बसून विचारलं. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून धरणार नाही. काम समाधानकारक वाटलं तरच पुढे. मार्गदर्शक सांगतील त्या वेळी, अगदी रात्रीसुद्धा, काम करायचं. आणि तिच्या असण्यामुळे संस्थेतल्या मुलांचं लक्ष विचलित होता कामा नये. या शेवटच्या अटीचा अपमान त्या विसरल्या नाहीत. पुढे मोठेपणीही त्यांनी तो बोलून दाखवला होता. वर्षभरानंतर रामन यांनी तिचं काम पाहून प्रवेश पक्का केला आणि इतर मुलींनाही दार किलकिलं झालं.

दार संपलं. आता आत जाऊ.

आत मार्गदर्शक मिळाले श्रीनिवासय्या. कडक, पण शिकवणारे. त्यांच्या हाताखाली कमलाने घेतलेला विषय पाहा. दूध, डाळी आणि कडधान्यं यांतली प्रथिनं. त्या काळात संशोधन म्हटलं की अणू, प्रकाश, तारे. रामन यांच्या संस्थेत बसून ही मुलगी डाळ भिजवत होती. पण देशातले बहुतेक लोक मांस रोज खाऊ शकत नव्हते, त्यांचं प्रथिन डाळीतूनच यायचं. ते किती येतं, कसं येतं, अंगी किती लागतं, हे कुणीतरी मोजायला हवं होतं. १९३६ मध्ये त्याच कामावर एमएस्सी झाली.

मग केंब्रिज. १९३७ मध्ये तिथे पोचल्या तेव्हा प्रवेशाची वेळ टळून गेली होती, तरी न्यूनहॅम कॉलेजात जागा मिळाली. प्रयोगशाळेत टेबल मात्र मोकळं नव्हतं. डेरेक रिक्टर नावाच्या शास्त्रज्ञाने स्वतःचं टेबल दिवसा त्यांना दिलं आणि आपण ते रात्री वापरायला लागला. हॉस्टेलमध्ये एक चार्जर दोघांनी वाटून घेतलाय त्यांना ही व्यवस्था कळेल. रिक्टर दुसरीकडे गेल्यावर त्या रॉबिन हिल यांच्याकडे गेल्या. वनस्पतींवर काम करणारा हा मोठा माणूस, बारावी-एफवायला प्रकाशसंश्लेषणात त्याच्या नावाची अभिक्रिया आपण घोकलेली असते. व्हिटॅमिनच्या शोधासाठी नोबेल मिळालेले फ्रेडरिक हॉपकिन्स यांच्या प्रयोगशाळेत काम करण्याची शिष्यवृत्तीही त्यांना मिळाली.

हिल यांच्याकडे कमलाबाईंच्या समोर आला बटाटा. कच्चा, साधा बटाटा. त्यात त्यांना सायटोक्रोम सी सापडलं. पेशी श्वसन करते तेव्हा इलेक्ट्रॉन एका हातातून दुसऱ्या हातात देणारं हे प्रथिन. प्राण्यांच्या पेशींत ते ठाऊक होतं. कमलाबाईंनी दाखवलं की वनस्पतींच्या पेशींतही ते असतं आणि तिथेही तेच काम करतं. यावरचा पीएचडीचा प्रबंध टाइप केलेली फक्त ४० पानं होता. काम सुरू केल्यापासून चौदा महिन्यांत सगळं आटोपलं. १९३९ ला पदवी. (प्रोजेक्ट रिपोर्ट जाडजूड दिसावा म्हणून फॉन्ट वाढवणाऱ्यांनी हे वाक्य परत वाचावं.)

विज्ञानात पीएचडी मिळवणारी पहिली भारतीय स्त्री असं त्यांच्याबद्दल सगळीकडे लिहिलेलं असतं. इथे जरा थांबायला हवं. वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्माळ यांना १९३१ मध्येच अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाची डीएस्सी मिळाली होती. पदवीचं नाव वेगळं म्हणून पहिलेपणाचा वाद घालता येईल, पण तो घालण्यात मला रस नाही. कमलाबाईंचं मोठेपण त्या रांगेत कितव्या होत्या यावर ठरत नाही.

परदेशात राहण्याची सोय असताना त्या १९३९ मध्येच परत आल्या. स्वातंत्र्यलढ्याचा आणि गांधीजींचा ओढा होता. दिल्लीच्या लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेजात नव्याने सुरू झालेल्या जीवरसायनशास्त्र विभागाच्या प्रमुख झाल्या. तिथून निलगिरीतल्या कुन्नूरच्या न्यूट्रिशन रिसर्च लॅबोरेटरीत सहायक संचालक. हीच प्रयोगशाळा पुढे हैदराबादला गेली आणि आज नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ न्यूट्रिशन म्हणून ओळखली जाते. १९४७ मध्ये मा. वि. सोहोनी यांच्याशी लग्न झालं. ते व्यवसायाने अ‍ॅक्च्युअरी, म्हणजे विम्याचं गणित मांडणारे. कमलाबाई मुंबईला आल्या आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये जीवरसायनशास्त्र शिकवू लागल्या. त्यांचं खरं मोठं काम इथे झालं.

पावट्याचं कुलूप

मुंबईत त्यांनी विद्यार्थ्यांना विषय देताना एक गोष्ट सांभाळली. गरीब माणूस रोज जे खातो तेच तपासायचं. कडधान्यं, नीरा आणि ताडगूळ, भाताच्या वाया जाणाऱ्या भागापासून केलेलं पीठ. चकचकीत काहीच नाही.

कडधान्यांचंच घ्या. आपण डाळ-उसळ खाल्ली की तिच्यातल्या प्रथिनांच्या लांब साखळ्या आतड्यात तुकडे तुकडे व्हाव्या लागतात, त्याशिवाय त्या रक्तात जात नाहीत. हे तुकडे करणाऱ्या कात्र्यांपैकी मुख्य म्हणजे ट्रिप्सिन. ते स्वादुपिंडातून येतं. आता वनस्पतीच्या बाजूने विचार करा. तिचं बी म्हणजे तिचं लेकरू. किड्याने ते खाऊन पचवलं तर वंश बुडाला. म्हणून कित्येक कडधान्यांच्या बियांमध्ये असा पदार्थ असतो जो ट्रिप्सिनला चिकटून बसतो आणि कात्रीच बंद करून टाकतो. त्याला ट्रिप्सिन इनहिबिटर म्हणतात. आपण त्याला पावट्याचं कुलूप म्हणू.

हे कुलूप नुसतं अपचन करत नाही. कात्री चालत नाही म्हटल्यावर स्वादुपिंड आणखी ट्रिप्सिन तयार करत सुटतं. कच्चं सोयाबीन खाऊ घातलेल्या उंदरांची वाढ खुंटते आणि त्यांचं स्वादुपिंड सुजून मोठं होतं, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. उकडलेलं सोयाबीन दिलं की तेच उंदीर वाढतात, ही गोष्ट ऑस्बर्न आणि मेंडेल या अमेरिकन जोडीने १९१७ मध्येच नोंदवली होती. पण सोयाबीन आपलं रोजचं खाणं कधी होतं? आपल्याकडे वाल, पावटे, डबल बी, कुळीथ. त्यांचा हिशोब इथेच कुणीतरी मांडायला हवा होता. कमलाबाईंनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १९५० च्या दशकात भारतीय खाद्यपदार्थांतल्या ट्रिप्सिन इनहिबिटरवर निबंध प्रसिद्ध करायला सुरुवात केली. पुढे वाल आणि डबल बी यांची पोषणमूल्यं तपासली.

दुसरा पदार्थ याहून खट्याळ. हीमॅग्लुटिनिन. आजच्या पुस्तकात लेक्टिन या नावाने भेटेल. टेस्टट्यूबमध्ये रक्तात टाकलं की लाल पेशींच्या गुठळ्या करतं, म्हणून हे नाव. पोटात गेलं की आतड्याच्या अस्तराला चिकटतं. वालातून हा पदार्थ वेगळा काढून, शुद्ध करून त्यांच्या गटाने तपासला. चार भारतीय कडधान्यांतलं शुद्ध हीमॅग्लुटिनिन उंदरांना किती अपाय करतं, यावरचा त्यांचा निबंध १९७२ मध्ये टॉक्सिकॉन या विषशास्त्राच्या नियतकालिकात आला. म्हणजे आजीची तंबी आणि आंतरराष्ट्रीय जर्नल, दोघांचं म्हणणं एकच निघालं.

यावर उपाय काय? पाणी आणि आच. ही दोन्ही कुलुपं प्रथिनांचीच बनलेली असतात. प्रथिन म्हणजे घडी घातलेला दोरा. उष्णतेने घडी उसवली की कुलूप लागत नाही. त्यातही कोरड्या भाजण्यापेक्षा पाण्यात शिजवणं जास्त कामाचं, कारण ओली आच दाण्याच्या आतपर्यंत पोचते. भिजवण्याने, मोड आणण्याने थोडा भाग कमी होतो, उरलेलं काम उकळी करते. राजम्याच्या बाबतीत तर हे फारच गंभीरपणे घ्यायला हवं. अर्धेकच्चे राजमे, तेही मोजून चार-पाच दाणे, काही तासांत उलट्या सुरू करायला पुरतात. रूमवर इंडक्शनवर राजमा करणाऱ्यांनी लक्षात ठेवा. रात्रभर भिजवायचा, पाणी टाकून द्यायचं आणि नव्या पाण्यात किमान दहा मिनिटं खळखळून उकळायचा, मग मऊ होईपर्यंत शिजवायचा. नुसतं कोमट राहून तासन्‌तास मऊ केलेला राजमा चालत नाही.

कुळथाची पिठी रटरटेपर्यंत का शिजवतात, वालाचं पहिलं पाणी का टाकतात, यामागचं गणित हे असं आहे.

माडाखालचं विज्ञान

दुसरा मोठा विषय नीरा. कोकणात माडी काय ते कुणाला सांगायला नको. ताडाचा किंवा माडाचा रस पहाटे झाडावरून उतरवला की तो गोड, पांढरट, ताजा असतो, ती नीरा. ऊन चढलं की त्याच रसात यीस्ट कामाला लागतं आणि ती ताडी किंवा माडी होते. त्या काळात मुंबई राज्यात दारूबंदी होती, १९४९ चा कायदा होता. नीरा हे सरकारच्या आवडीचं पेय होतं आणि झाडावर चढणाऱ्यांच्या पोटाचा प्रश्नही तिच्याशी जोडलेला होता. पण नीरा खरोखर पौष्टिक आहे की नुसतीच गोड, हे तपासायचं कोण? राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून कमलाबाईंनी हे काम घेतलं. कुपोषित आदिवासी मुलांच्या आणि गरोदर बायकांच्या आहारात नीरेची भर घातली तर तब्येत सुधारते, असं त्यांच्या कामातून दिसलं. याबद्दल त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. मुंबईतल्या स्टेशनांवरच्या नीरेच्या टपऱ्या तुम्ही पाहिल्या असतील. त्यातल्या ग्लासमागे एवढी मोठी प्रयोगशाळा होती हे मला हा लेख लिहायला घेईपर्यंत ठाऊक नव्हतं.

हाच रस कढईत आटवला की ताडगूळ. पांढरट रसाचा गडद तपकिरी गूळ होतो. हा रंग कुठून येतो? इथे आपल्याला कमलाबाईंना थोडा वेळ मुंबईत सोडून फ्रान्सला जायला लागेल, कारण या रंगाच्या मागे जो माणूस आहे त्याचा आणि आपल्या आजच्या खाण्याचा फार जवळचा संबंध आहे.

आच जास्त झाली तर

कमलाबाई इंदूरला रांगत होत्या त्या सुमारास, १९१२ मध्ये, लुई-कामिल मेलार्ड नावाचा एक डॉक्टर-रसायनशास्त्रज्ञ अमिनो आम्लं आणि साखर एकत्र तापवत बसला होता. त्याला स्वयंपाकात काडीचा रस नव्हता. शरीरात प्रथिनं कशी बनतात हे शोधायचं होतं. मिश्रण तपकिरी झालं. त्याने ते लिहून ठेवलं आणि मधुमेहासारख्या आजारांत या क्रियेचा हात असेल असा अंदाजही केला. १९३६ मध्ये तो वारला तोवर फारशी कुणी दखल घेतली नव्हती. दुसऱ्या महायुद्धात सैन्यासाठी साठवलेली सुकी अंडी आणि दूध पावडर तपकिरी पडून बेचव व्हायला लागली तेव्हा सगळे मेलार्डचा कागद शोधायला लागले. १९५३ मध्ये जॉन हॉज या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने त्या क्रियेचे सगळे टप्पे मांडून दाखवले.

भाकरीचे डाग, भाजलेल्या काजूचा वास, कॉफी, तळलेले फणसाचे गरे, वड्याचं कुरकुरीत आवरण. हे सगळं मेलार्डचं देणं आहे. साखर आणि प्रथिन कोरड्या, कडक आचेवर भेटले की हा रंग आणि वास येतो. खाण्याची निम्मी मजा यात आहे, हे मान्य करूनच पुढे जाऊ.

पण याच क्रियेच्या शेवटी काही पदार्थ तयार होतात ज्यांना एजीई म्हणतात. साखर प्रथिनाला अशी घट्ट चिकटते की सुटतच नाही. गंमत म्हणजे हे आपल्या शरीरातही होतं, फक्त ३७ अंशांच्या मंद आचेवर. घरात कुणाला डायबेटिस असेल तर एचबीएवनसीचा रिपोर्ट पाहिला असेल. हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली आहे याचंच ते माप. शरीरातल्या कित्येक पेशींवर एजीईला धरणारा एक रिसेप्टर असतो. एजीई त्याला जाऊन लागला की पेशी दाहाचे संदेश सोडते. जखम झाल्यावर लाल, गरम होतं तो दाह चांगला, तो काम करून निघून जातो. हा दुसरा दाह मंद असतो, दिसत नाही आणि वर्षानुवर्षं धुमसतो. मधुमेह, हृदयविकार, किडनीचे आजार यांच्याशी त्याचं नातं जोडलं जातं.

मग खाण्यातून पोटात जाणारे एजीई किती वाईट? इथे प्रामाणिकपणे सांगायचं तर शास्त्रज्ञांचं एकमत नाही. खाल्लेल्यातला थोडाच भाग रक्तात उतरतो. पण २०२४ मध्ये चेन्नईच्या मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनचा एक प्रयोग बातम्यांत आला, आयसीएमआरही त्यात होती. जास्त वजनाच्या ३८ जणांना बारा आठवडे एकदा उकडलेलं, वाफवलेलं जेवण आणि एकदा तळलेलं, भाजलेलं असं दिलं. उकडलेल्या आहारात इन्सुलिनचं काम सुधारलं आणि दाहाची मापं खाली आली. ३८ माणसं म्हणजे फार नव्हेत, आणि आहार बदलला की त्यात फक्त आचच बदलते असंही नाही. तरी दिशा कळते. पाण्यात शिजवलं, वाफवलं, लिंबू-व्हिनेगरसारखं आंबट लावून ठेवलं तर एजीई कमी बनतात, एवढं पक्कं आहे. आपल्याकडे मोदक उकडीचे, पातोळ्या वाफेच्या, सांदण वाफेचं, सकाळी पेज. लगेच कॉलर ताठ करू नका, आपल्याकडे तळलेले बोंबीलही आहेत आणि हायवेला प्रत्येक वळणावर वडापावची गाडी आहे.

आता बटाटा. कमलाबाईंनी कच्च्या बटाट्यात जीवनाची खूण शोधली होती. २००२ मध्ये स्वीडनच्या शास्त्रज्ञांना तळलेल्या बटाट्यात आणखी काही सापडलं, अ‍ॅक्रिलामाइड. प्लास्टिक आणि रंगांच्या उद्योगातलं हे रसायन चिप्समध्ये कसं आलं, म्हणून जगभर खळबळ उडाली. बटाट्यात अ‍ॅस्परजिन हे अमिनो आम्ल भरपूर असतं. त्याला साखर भेटली आणि तापमान १२० अंशांच्या वर गेलं की अ‍ॅक्रिलामाइड बनतं. म्हणजे पुन्हा मेलार्डच. उकडलेल्या बटाट्यात पाणी १०० अंशांवर थांबतं, तिथे हा प्रश्न येत नाही. माणसांना त्याच्यामुळे कॅन्सर होतो का, याचा पुरावा अजून ठोस नाही, पण प्राण्यांवरच्या प्रयोगांमुळे ते संशयितांच्या यादीत आहे. काप पाण्यात थोडा वेळ ठेवून, पुसून तळले आणि सोनेरी झाल्यावर काढले तर ते बरंच कमी राहतं. करपलेले, गडद तपकिरी काप बाजूला काढा, इतकं तरी आपण करू शकतो.

पाहा, एकाच चुलीची दोन टोकं आहेत ही. एकीकडे आच कमी पडली तर पावट्याचं कुलूप तसंच राहतं. दुसरीकडे जास्त झाली तर नवीन भानगडी जन्माला येतात. कमलाबाईंच्या पिढीला पहिल्या टोकाची चिंता होती, कारण ताटात डाळच जेमतेम होती आणि तिच्यातलं प्रथिन वाया जाऊन चालणार नव्हतं. आपण दुसऱ्या टोकाला उभे आहोत. दहा रुपयांचं चिप्सचं पाकीट वाडीतल्या टपरीवरही लटकतंय.

संचालकांची खुर्ची आणि ग्राहकाची पिशवी

मुंबईतल्या त्यांच्या वाट्याला सगळं सुरळीत आलं असं नाही. संस्थेच्या संचालकपदाचा हक्क असताना त्यांना चार वर्षं ते पद मिळालं नाही. बंगळुरूच्या दारात जे झालं त्याचीच ही मोठेपणीची आवृत्ती. फरक एवढाच की आता अटी तोंडावर कुणी सांगत नव्हतं. शेवटी पद मिळालं. मधल्या काळात आणि नंतरही त्या आरे दूध प्रकल्पाला दुधाचा दर्जा कसा सुधारायचा याचा सल्ला देत होत्या. एमएस्सीला हातात घेतलेलं दूध त्यांनी सोडलं नव्हतंच.

१९६६ मध्ये मुंबईत नऊ बायकांनी कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया सुरू केली. तेव्हा ग्राहक हा शब्दसुद्धा आजच्यासारखा रुळला नव्हता. ग्राहक संरक्षण कायदा यायला अजून वीस वर्षं होती. तेलात भेसळ, हळदीत रंग, दुधात पाणी, आणि तक्रार करायची कुठे हे माहीत नाही. कमलाबाई या संस्थेत मनापासून उतरल्या. १९८२-८३ मध्ये अध्यक्ष झाल्या. संस्थेच्या कीमत या मासिकात घरच्या बाईला समजेल अशा भाषेत खाण्याच्या सुरक्षिततेवर लिहीत राहिल्या. केंब्रिजची पीएचडी झालेली बाई बाजारहाटाच्या पिशवीबद्दल लिहिते, याचं त्यांना स्वतःला काही अप्रूप वाटलं असेल असं दिसत नाही. बंगळुरूच्या पहिल्या वर्षापासून त्यांचा विषय तोच होता. माणसाच्या तोंडात जातंय त्यात नक्की आहे काय.

त्या आज असत्या तर कढईतल्या तेलाकडे नक्की वळल्या असत्या, असं मला वाटतं. तेच तेल दिवसभर, दुसऱ्या दिवशीही तापवत राहिलं की ते काळपट होतं, चिकट होतं, त्यात पोलर कंपाउंड नावाचे पदार्थ वाढतात. २०१८ च्या जुलैपासून अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम आहे, त्यांचं प्रमाण २५ टक्क्यांवर गेलं की ते तेल तळणीला वापरायचं नाही. हा नियम लांज्यात किती कढयांपर्यंत पोचलाय, हा एखाद्या टीवायच्या प्रोजेक्टचा विषय होऊ शकतो. आपल्याकडे केमिस्ट्रीची मुलं आहेत, लॅब आहेत, हायवेला कढयांची तर कमीच नाही.

१९९८ साली इंडियन कौन्सिल ऑफ मेडिकल रिसर्चने, म्हणजे आयसीएमआरने, दिल्लीत त्यांचा सत्कार ठेवला. पासष्ट वर्षांपूर्वी ज्या मुलीला एका सरकारमान्य विज्ञानसंस्थेत नीट उभंही राहू दिलं नव्हतं, तिला आता देशातल्या वैद्यकीय संशोधनाच्या सगळ्यात मोठ्या संस्थेने सन्मानाने बोलावलं होतं. कमलाबाई मुंबईहून गेल्या. सत्काराच्या कार्यक्रमातच त्या कोसळल्या आणि त्यानंतर थोड्याच काळात त्यांचं निधन झालं. दुर्गाबाई त्यानंतर चार वर्षं होत्या.